कोल्हापुरात एम.ए. मानसशास्त्र होतं, मग क्लिनिकलसाठी गाव का सोडावं लागतं?

एम.ए. मानसशास्त्राचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा सुरू होते: आता पोरगी दवाखाना टाकणार ना? राजारामपुरीत एखादा गाळा बघायचा का? खरं उत्तर ऐकलं की पालकांचा चेहरा पडतो. दोन वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजीचे, म्हणजे मानसिक विकार ओळखून त्यांवर उपचार करण्याच्या शाखेचे, पेपर सोडवले तरी नुसत्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या पदाची व्याख्याच करून ठेवली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता तरी हवी, नाहीतर एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हवं, आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांसोबत केलेलं काम हवं. ही अट कुणाच्या लहरीतून आलेली नाही. आपल्याकडे मानसशास्त्र कॉलेजात वाढलं आणि मनोरुग्णांवरचे उपचार तटबंदीआड वाढले. दोघांची गाठ फार उशिरा पडली, आणि जिथे पडली ते गाव कोल्हापूर नव्हतं.

भारतातला मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. तो उभारणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला शिकून आलेले, त्यामुळे भर प्रयोगशाळेवर. इतर बहुतेक ठिकाणी हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातच वाढला. आपल्या भागातही तेच. राजाराम कॉलेज १८८० चं. ते आधी मुंबई विद्यापीठाखाली, नंतर पुणे विद्यापीठाखाली गेलं, आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हा कुठे पदवी घरची झाली. मानसशास्त्र राहिलं ते कला शाखेतच. प्रॅक्टिकल म्हणजे स्टॉपवॉच, स्मरणाचे प्रयोग, चाचण्यांची गुणदान पद्धत आणि बाईंची सही असलेली जर्नल. अभ्यास म्हणून यात खोट काही नाही. फक्त समोर बसलेला प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, आपलाच वर्गमित्र असतो, आणि तो ठणठणीत असतो!

दुसरी वाट रुग्णालयांची. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं आजही प्रामुख्याने चारच गावांत आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीचं १८८६ पासूनचं. कोल्हापूरच्या माणसाला तेच जवळचं, म्हणजे आंबा घाट उतरून सव्वाशे किलोमीटर. पुढे मिरजेचं कृपामयी मनोरुग्णालय झालं, खासगी दवाखाने आले, वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आले. पण कितीतरी वर्षं ‘रत्नागिरीला नेलं’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही. त्या भिंतीच्या आत मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला जागाच नव्हती. असायचे ते डॉक्टर आणि रखवालदार.

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा ताळेबंद मांडला, तेव्हा मनोरुग्णांसाठी साधारण ४०,००० लोकांमागे एक खाट असल्याचं दिसलं. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक होतं. माणसं तयार करणारी संस्था हवी, असं समितीने सुचवलं. म्हैसूर संस्थानाने बंगळुरात चालवलेलं मनोरुग्णालय हाताशी होतंच. त्याला जोडून १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि लगेच १९५५ ला मेडिकल सायकॉलॉजीची पदविका सुरू झाली. एम.ए. झालेला विद्यार्थी वॉर्डात शिरला तो इथे. डॉक्टरांच्या बरोबरीने केस हिस्टरी घेणं, चाचण्या लावणं, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं तो वरिष्ठांच्या नजरेखाली शिकू लागला. १९६२ पासून रांचीतही असा अभ्यासक्रम सुरू झाला. बंगळुरूची संस्था १९७४ साली निम्हान्स झाली आणि पदविकेचं पुढे एम.फिल. झालं. क्लिनिकल व्हायचं तर निम्हान्स किंवा रांची, हे समीकरण तेव्हापासूनचं.

दोन वाटा जुळायची एक जागा मात्र कोल्हापूरच्या शेजारीच होती, आणि तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. १९३० च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. तीच बिने-कामत, परीक्षेच्या पेपरातली ‘बीकेटी’. मतिमंदत्वाच्या दाखल्यासाठी मुलाची बुद्धी मोजायची वेळ आली की आजही ही चाचणी बाहेर निघते. नव्वद वर्षांपूर्वीची मांडणी आजच्या मोबाइल हाताळणाऱ्या मुलाला किती लागू पडते, हा भांडणाचा विषय आहे. पण आपल्या भाषेतल्या मुलाला आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा, ही सोय या पट्ट्यात झाली हे खरं.

मग परवान्याची गोष्ट. आरसीआयचा कायदा १९९२ चा. ही परिषद सामाजिक न्याय मंत्रालयाखाली येते आणि तिचं मुख्य काम अपंगांचं पुनर्वसन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरोग्य खात्याकडे न जाता या परिषदेच्या यादीत आली. नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत आता चाचणीचा संचसुद्धा येत नाही! २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात मानसशास्त्रज्ञ आले, पण आरसीआयखालचे क्लिनिकलवाले वगळून. म्हणजे एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणींपैकी समुपदेशनाकडे गेलेली एका छत्राखाली आणि क्लिनिकलला गेलेली दुसऱ्या.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ च्या नियमांत ती बंद केली, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायलाही मनाई झाली. त्याचा फटका गडहिंग्लज, आजऱ्याकडच्या नोकरी-संसार सांभाळून बाहेरून एम.ए. करू पाहणाऱ्या शिक्षिकेला बसतो. मनाशी संबंधित काम पत्राने शिकता येत नाही, हे मला पटतं. पण बंदी आधी आली आणि तालुक्याजवळ शिकायची सोय आलीच नाही, हा क्रम उलटा झाला.

गरज किती आहे, याचा आकडा मागितला की लोक २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाकडे बोट दाखवतात: प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडची पहिली दाद मागायची जागा अजून कितीतरी घरांत अंगात येणारा देवर्षी हीच आहे; नाहीतर नृसिंहवाडी किंवा गाणगापूर. तिथून माणूस सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, पोचेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

तोवर प्रवेश घेणाऱ्यांनी एक काम करावं. जाहिरातीत ‘क्लिनिकल’ शब्द दिसला म्हणून फी भरू नये. आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघावं. मान्यता ठरावीक मुदतीची असते. नाव आहे पण मुदत संपली आहे असं दिसलं, तर संस्थेकडून नूतनीकरणाचं पत्र मागून घ्यावं, आणि ते मिळेपर्यंत पैसे खिशात ठेवावेत.