शालेय मुलांतील कोलेस्टेरॉलचे विकार व इन्सुलिन रेझिस्टन्स (खानदेश)

रक्तातील स्निग्धांशाचे प्रमाण बिघडणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देणे (इन्सुलिन रेझिस्टन्स), हे दोन बिघाड शालेय वयात पुष्कळदा जोडीने आढळतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत त्यांचा विचार करताना गुबगुबीत मुलांइतकेच हडकुळ्या मुलांकडेही पाहावे लागते.

स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्सुलिनला जुमानेनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. त्यामुळे उपाशीपोटीची साखर कित्येक वर्षे दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत राहू शकते. दरम्यान यकृत जादा साखर व पिष्टापासून ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) बनवत राहते, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटते, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण लहान व दाट होतात. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र बेताचाच असू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबणे चुकीचे. मुलांच्या मर्यादाही वेगळ्या आहेत: दहा वर्षांपुढे ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १३० मिलिग्रॅम वा अधिक असेल तर ते जास्त, एचडीएल ४० च्या खाली असेल तर कमी. मोठ्यांसाठीची १५० ची मर्यादा इथे लावून चालत नाही. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव काही काळ मंदावतो. तो निसर्गक्रम आहे, आजार नव्हे.

इन्सुलिन रेझिस्टन्सची डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे मानेमागे व काखेत जाड, काळपट, मखमली झालेली त्वचा. उन्हाने रापली किंवा मळ साचला असे समजून ती घासली जाते. घासून ती जात नाही.

२०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते ९ वयोगटाच्या सुमारे एकतृतीयांश मुलांत ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळले. यात सगळी लठ्ठ मुले नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीय अर्भके वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा तुलनेने जास्त असतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात कमी वजनाने जन्मलेल्या मुलाला पुढे बिस्किटे, वेफर्स आणि गोड पेये सहज मिळू लागली की धोका वाढतो. कुपोषण आणि हा विकार एकाच घरात नांदू शकतात.

याच पट्ट्यात निदानाची एक अडचण आहे. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) खरी साखर असेल त्याहून कमी दाखवते. उलट लोहाच्या कमतरतेत ती जास्त दिसू शकते. अशा मुलांसाठी उपाशीपोटीची व ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांची साखर अधिक भरवशाची.

दोष केळीवर ढकलण्याची सवय अनाठायी आहे. रावेर-यावलचे केळ खाणे आणि त्याचे तळलेले, खारवलेले वेफर्स खाणे यांत फरक आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तर उत्तम. शेवभाजी रोजची झाली, वर तर्रीचा थर आला, तर गोष्ट वेगळी. तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नये, वनस्पतिजन्य तेलात ते मुळात नगण्यच असते. रोज तासभर धावपळ हा उपचाराचा कणा. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, खेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच शक्य होतो. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः टाइप २ मधुमेह ठरल्यावर, दहा वर्षांपुढील मुलांना देतात.

आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल हा विकार निराळा. सुमारे २५० पैकी एका व्यक्तीत तो असतो, त्यात एलडीएल जन्मापासून चढे राहते आणि ते आहाराने पुरेसे उतरत नाही. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला असेल तर मुलांचे लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील स्निग्धांशांची तपासणी, करावे. साधारण वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करता येते. एका मुलात निदान झाले की आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करतात.