जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?

अंबाजोगाईच्या आमच्या मेडिकलमधून, ग्राहकांसाठी

पहिला पाऊस पडला, टँकर-बोअरचं पाणी एक झालं की आमच्याकडे ओआरएस आणि जुलाबाच्या गोळ्यांना गर्दी होते. मग दोन-तीन आठवड्यांनी त्यातलंच एखादं माणूस लंगडत येतं. "गुडघा लई दुखायलाय, टम्म फुगलाय बघा. पडलो नाही, लागलं नाही. एक चांगली गोळी द्या." मधल्या जुलाबाचं कुणी बोलत नाही. पोटाचा आणि गुडघ्याचा काय संबंध, असं वाटणारच. पण संबंध असू शकतो आणि त्या दुखण्याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात.

साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर अशा जंतूंनी हगवण लागते. शरीर त्यांच्याशी लढतं, पोट बरं होतं, पण लढाईला उठलेली प्रतिकारशक्ती काही जणांत शांत न होता सांध्यांवर उलटते. साधारण एक ते चार आठवड्यांत गुडघा, घोटा किंवा टाच धरते, बहुतेक वेळा एकाच बाजूला जास्त. पायाचं एखादं बोट अख्खं सुजतं. सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. डोळे लाल होतात, तोंड येतं. सांध्यात पू झालेला नसतो, जिवंत जंतूही सहसा सापडत नाहीत. वीस ते चाळीस वयाच्या माणसांत हे जास्त दिसतं.

दुसरं कारण नाजूक आहे. शरीरसंबंधातून लागणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूमुळेही हेच होतं. लघवीला जळजळ, स्राव, मग सांधा. पुष्कळदा जळजळही जाणवत नाही. त्यावर अँटिबायोटिकचा कोर्स असतो आणि तो नवरा-बायको दोघांनी घ्यावा लागतो, नाहीतर एकाचं दुसऱ्याला परत लागतं. आम्हाला नाही सांगितलं तरी चालेल, डॉक्टरांना मात्र सांगा.

"वाताची टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे काही नाही ना?" असं रिपोर्ट दाखवून विचारतात. ती टेस्ट म्हणजे आरए फॅक्टर, आणि या आजारात तो बहुधा निगेटिव्हच येतो. एचएलए-बी२७ ही रक्तात तपासतात ती जनुकाची खूण. तो पॉझिटिव्ह आला म्हणून आजार पक्का होत नाही आणि निगेटिव्ह आला म्हणून टळत नाही. पक्कं सांगणारी एकच तपासणी नाही. डॉक्टर हकिकतीवरून ठरवतात, आणि जुलाबाची तारीख तुम्हालाच माहीत असते. सुईने गुडघ्यातलं पाणी काढू म्हणाले तर घाबरू नका. सांध्यात पू किंवा युरिक ॲसिडचे खडे नाहीत ना, हे त्यातून कळतं. जुन्या फाइलवर 'रायटर्स सिंड्रोम' लिहिलेलं असेल तर तोही हाच आजार. हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने १९१६ मध्ये तो नोंदवला होता. पुढे नाझी छळछावण्यांतल्या प्रयोगांशी या रायटरचा संबंध उघड झाला आणि ते नाव मागे पडलं. बरंच झालं.

आता गोळ्यांचं. सुरुवातीला नेप्रॉक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी देतात. ती जेवणानंतरच घ्या. जुलाब चालू असताना, अंगातलं पाणी आटलेलं असताना ती मूत्रपिंडावर येते. बीपी, किडनी, अल्सर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा. एकाच सांध्यावर अडलं तर डॉक्टर तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, तो वेगळा विषय. पण बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या 'वाताच्या पुडी'त स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत माणूस पळायला लागतं, आणि मग शुगर वाढते, आतला संसर्ग झाकला जातो. आमच्याकडे मागू नका, मिळणार नाही.

दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं तर प्रतिकारशक्तीला आवरणारी सल्फासालाझीन किंवा मेथोट्रेक्सेट ही गोळी लिहून देतात. सल्फासालाझीनने लघवी केशरी होते, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून पाकिटावर आम्ही वार पेनाने लिहून देतो. दारू बंद, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी नको. ठरलेल्या रक्त तपासण्या चुकवू नका. बहुतेकांचं दुखणं सहा महिने ते वर्षात ओसरतं, थोड्या जणांना पुन्हा उमळतं. डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, अंधुक दिसायला लागलं, तर थेंब मागायला येऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

लेकरांचं जरा वेगळं असतं. ते दुखतंय म्हणत नाही, कडेवर घ्या म्हणतं, खेळायला जात नाही. जुलाबानंतर त्यांनाही हेच होऊ शकतं. पण ताप आहे, सांधा गरम आहे आणि पाय टेकवतच नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. रात्र न काढता तसंच स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्या. आधी घसा दुखला होता आणि दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात फिरतंय, तर संधिवाताच्या तापाची शंका घ्यावी लागते. तो हृदयाच्या झडपांवर जातो आणि पेनिसिलिन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

ॲस्पिरिन लेकराला स्वतःहून कधीच देऊ नका. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेनही नको. मोठ्याची गोळी अर्धी मोडून देणं तर नकोच, डोस वजनावर ठरतो. वजन माहीत नसेल तर काटा दुकानात आहे, पैसे लागत नाहीत.