लाइन स्पेसिंग आणि पॅराग्राफ स्पेसिंग

वर्ड प्रोसेसरमध्ये लाइन स्पेसिंग म्हणजे एका ओळीपासून खालच्या ओळीपर्यंतचं अंतर, आणि पॅराग्राफ स्पेसिंग म्हणजे परिच्छेदाच्या आधी किंवा नंतर सोडलेली जादा जागा. दोन्ही सेटिंग्ज वेगळी आहेत, आणि बहुतेक घोळ ती एकच समजल्यामुळे होतो. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा ओळींच्या मध्ये शिशाच्या (इंग्रजीत लेड) पट्ट्या घालायचे, म्हणून इंग्रजीत ओळींमधल्या अंतराला अजूनही लेडिंग म्हणतात. माप पॉइंटमध्ये, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच.

वर्ड २००३ मध्ये डीफॉल्ट लाइन स्पेसिंग सिंगल, म्हणजे एकपट, होतं आणि परिच्छेदानंतरची जागा शून्य, २००७ मध्ये ते १.१५ पट आणि १० पॉइंट झालं, २०१३ मध्ये १.०८ आणि ८ पॉइंट. त्यामुळे पत्ता टाइप करताना प्रत्येक ओळीला एंटर मारलं की ओळी लांब लांब जातात, कारण वर्डच्या लेखी प्रत्येक ओळ हा नवा परिच्छेद असतो. तिथे शिफ्ट दाबून एंटर मारायचं, काम झालं.

सिंगल हे ठरलेलं माप नाही, ते फाँटवर अवलंबून असतं, हे देवनागरीत टाइप करणाऱ्याने नक्की लक्षात ठेवावं. मंगल फाँटची सिंगल ओळ टाइम्स न्यू रोमनपेक्षा बरीच उंच असते, मग मराठी परिच्छेदात दुसऱ्या फाँटमधली इंग्रजी ओळ आली की अंतर कमीजास्त दिसतं, आणि ते सारखं करायला लोक लाइन स्पेसिंगमधला एक्झॅक्टली, म्हणजे नेमकं तेवढंच अंतर ठेवणारा, पर्याय निवडून १२ पॉइंट टाकतात. इथेच फसगत होते! ‘कीर्ती’ लिहून बघा, वेलांट्यांचे आणि रफाराचे शेंडे वरून कापले जातात, ओळीत टाकलेला फोटो असेल तर त्याचीही नुसती पट्टी उरते. अशा वेळी अॅट लीस्ट, म्हणजे किमान अंतराचा पर्याय बरा, तो ओळीला गरजेपुरतं वाढू देतो. एक्झॅक्टलीच हवं असेल तर आकडा अक्षरांच्या साइझपेक्षा बराच मोठा ठेवा.

शॉर्टकट सोपे आहेत, वर्डमध्ये कंट्रोल आणि १ म्हणजे सिंगल, २ म्हणजे डबल, ५ म्हणजे दीडपट.

परिच्छेदांमध्ये जागा हवी म्हणून दोनदा एंटर मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी सवय, आणि ती खरंच सोडायला हवी. मजकूर थोडा पुढेमागे झाला की ती रिकामी ओळ नव्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि अंतर बदलायचं ठरलं तर शंभर ठिकाणी हात लावावा लागतो. त्यापेक्षा नॉर्मल स्टाइल, म्हणजे साध्या मजकुराची ठरलेली मांडणी, मॉडिफाय करून आफ्टरमध्ये (परिच्छेदानंतरची जागा) ६ किंवा ८ पॉइंट द्या, त्या स्टाइलचा सगळा मजकूर एकदम बदलतो. आधीच लिहिलेल्या फाइलमध्ये दुहेरी एंटर असतील तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये दोन पॅराग्राफ मार्कच्या (एंटर मारल्यावर पडणारी खूण) जागी एक टाकायचा, आणि मगच स्पेसिंगला हात लावायचा.