शालीच्या शेवटच्या सुया एवढी लोकर का खातात?

मानेपासून खाली विणत जायची त्रिकोणी शाल ज्यांनी विणली आहे, त्यांना हा अनुभव नक्की आला असेल. शाल बऱ्यापैकी खाली आलेली असते, गुंडा अजून अर्धा शिल्लक असतो, आणि वाटतं की आता निदान एवढीच आणखी शाल सहज होईल. तशी ती होत नाही. उरलेला गुंडा बघता बघता संपतो आणि काठ विणायच्या आतच लोकर तुटपुंजी पडते. मग गुंडा वजनात कमी होता का, आपला हात मध्येच सैल पडला का, असे संशय येऊ लागतात. खरं कारण टाक्यांच्या बेरजेत दडलेलं आहे. लोकर मोजकीच असेल आणि तशीच लोकर पुन्हा मिळणार नसेल, तर ही बेरीज सुरुवातीलाच समजून घेतलेली बरी.

नेहमीच्या त्रिकोणी शालीत दर दुसऱ्या सुईला (सुई म्हणजे इथे विणीची एक ओळ) ४ टाके वाढतात: दोन्ही कडांना एकेक आणि मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे सरासरीने दर सुईला २ टाके. सुरुवातीला घातलेले मोजके टाके हिशेबातून सोडले, तर दहाव्या सुईवर २० टाके असतात आणि शंभराव्या सुईवर २००. ही वाढ अगदी शिस्तीत, एका चालीने होते. लोकर मात्र सुरुवातीपासून विणलेल्या सगळ्या टाक्यांवर खर्च होत असते आणि त्यांची बेरीज वर्गाच्या हिशेबाने फुगते. १० सुयांत साधारण १०० टाके, ५० सुयांत २,५००, १०० सुयांत १०,०००.

समजा आपल्याकडे १०० ग्रॅम वजनाची, ४०० मीटर लांबीची लोकर आहे आणि एका टाक्याला २ सेंटीमीटर धागा लागतो. मग सगळ्या लोकरीत २०,००० टाके होतील. २०,००० चं वर्गमूळ १४१, म्हणून ही शाल १४१ सुयांची होईल. आता अर्धी लोकर कधी संपते ते पाहा. १०,००० टाके होतात तेव्हा, म्हणजे शंभराव्या सुईवर! पहिल्या अर्ध्या लोकरीत १०० सुया निघाल्या आणि उरलेल्या अर्ध्या लोकरीत फक्त ४१ निघणार आहेत. शाल लहान असो वा मोठी, हे प्रमाण बदलत नाही. एकूण सुयांपैकी ७१ टक्के झाल्या की अर्धी लोकर गेलेली असते. आणि निम्म्या सुया होतात तेव्हा जेमतेम पाव लोकर वापरली गेलेली असते, म्हणून तर सुरुवातीला एवढा भरवसा वाटतो.

मधून सुरू होणाऱ्या गोल शालीचंही असंच असतं, कारण वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. सरळ आयताकृती स्टोलला हा त्रास नाही. तिथे अर्धी लोकर म्हणजे अर्धी लांबी.

हे एकदा कळलं की उरलेली लोकर किती सुयांना पुरेल याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. समजा ११० सुया झाल्या आहेत आणि त्यांत ६० ग्रॅम लोकर गेली आहे. एकूण लोकरीला वापरलेल्या लोकरीने भागा: १०० भागिले ६० म्हणजे १.६७. त्याचं वर्गमूळ १.२९. आतापर्यंतच्या सुयांना त्याने गुणलं की १४२ येतात. म्हणजे अजून ३२ सुया. दर सुईला टाके सारख्याच गतीने वाढत असतील आणि वीण तीच राहणार असेल, तर हा अंदाज दोनचार सुयांपलीकडे सहसा चुकत नाही.

पण या ३२ सुयांत काठ आणि टाके बंद करणं (शेवटचे टाके उसवू नयेत म्हणून एकमेकांत अडकवून सुईवरून उतरवणं) हे दोन्ही बसवायचं आहे. आपल्या उदाहरणात शेवटच्या १२ सुयांचा काठ धरला तर १४१ च्या वर्गातून १२९ चा वर्ग वजा करायचा. उत्तर येतं ३,२४०, म्हणजे १६ टक्के लोकर. दिसायला बोटभर काठ, पण त्याला १०० पैकी १६ ग्रॅम लागतात. शेवटच्या एका सुईला साडेपाच मीटरहून जास्त धागा जातो, आणि टाके सैलसर बंद करायचे तर निदान दोन सुयांची लोकर हाताशी ठेवावी. टाके घट्ट बंद करून लोकर वाचवायचा मोह होतो, तो टाळायलाच हवा. तशी कड ताणली जात नाही आणि ती सगळ्या शालीचा आकार आवळून धरते.

वजन करताना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लोकर हवेतली आर्द्रता शोषते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत शुद्ध लोकरीमध्ये तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी असतं. दमट हवेत हे प्रमाण बरंच वर जातं, तरी हाताला लोकर ओली लागत नाही, कारण पाण्याचे रेणू तंतूच्या आत, केराटिन या प्रथिनाला धरून बसलेले असतात. त्यामुळे कोरड्या दिवसात वजन केलेला गुंडा पावसाळी हवेत काही ग्रॅम जास्त भरू शकतो, आणि काही ग्रॅम म्हणजे आपल्या शालीच्या दोनतीन सुया! यावर उपाय सोपा आहे. लेबलवरच्या आकड्यावर किंवा महिन्यापूर्वीच्या वजनावर विसंबू नये. विणलेली शाल आणि उरलेला गुंडा एकाच बैठकीत काट्यावर ठेवावेत आणि रिकाम्या सुईचं वजन वजा करावं. आपल्याला खऱ्या ग्रॅमशी कर्तव्य नाही, दोन वजनांच्या प्रमाणाशी आहे, आणि हवा कशीही असली तरी ते प्रमाण तेच राहतं. काटा एकेक ग्रॅमच दाखवत असेल तर एका सुईचा खर्च त्यावर मोजू नये. दहा सुयांचा मोजून दहाने भागावा.

आता खरा प्रश्न: तेवढ्याच लोकरीत शाल मोठी होऊ शकते का? होऊ शकते, आणि किती मोठी होईल तेही सांगता येतं.

१९५९ मध्ये डी. एल. मंडन या ब्रिटिश वस्त्रशास्त्रज्ञांनी साध्या विणीच्या कापडाची भूमिती मांडली. कापड ताणरहित अवस्थेत निवांत पडलं की त्याची मापं मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतात, असं त्यांनी दाखवलं. ती गोष्ट म्हणजे एका टाक्यात गेलेल्या धाग्याची लांबी. भिजवून सैल होऊ दिलेल्या लोकरीच्या कापडात टाक्याची रुंदी त्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असते आणि टाक्याचं क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाला साधारण २१.६ ने भागल्याइतकं. मंडन यांनी मोजलं ते यंत्रावरचं कापड होतं आणि जाळीच्या विणीत हे आकडे बदलतात, पण वर्गाचं नातं आपल्या हातच्या विणीलाही दिशा दाखवतं.

हे नातं आपल्या गुंड्याला लावून पाहू. २ सेंटीमीटरचे २०,००० टाके म्हणजे साधारण ०.३७ चौरस मीटर कापड, म्हणजे १२० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल त्रिकोणाहून किंचित जास्त. आता जाड सुई घेऊन टाका २.४ सेंटीमीटरचा केला. टाक्यांची संख्या घटून सुमारे १६,७०० होईल, पण प्रत्येक टाका ४४ टक्के जास्त जागा व्यापेल. एकूण क्षेत्रफळ २० टक्के वाढून ०.४४ चौरस मीटर होईल. थोडक्यात, लोकर तेवढीच असेल तर शालीचं क्षेत्रफळ टाक्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतं. शिवाय १४१ ऐवजी १२९ सुयांतच शाल पुरी होते. रुंदी मात्र २० टक्के वाढत नाही. क्षेत्रफळ दोन दिशांत वाटलं जातं, म्हणून १२० सेंटीमीटरची शाल साधारण १३१ सेंटीमीटर होते. याला मर्यादाही आहे. धाग्याच्या जाडीच्या मानाने टाका फारच मोठा झाला की वीण लुळी पडते, धागे सरकतात आणि कशातही अडकतात.

धागाच बारीक घेतला तर काय होतं, हे मला याहूनही विलक्षण वाटतं. वजन तेवढंच ठेवून धाग्याची जाडी निम्मी केली तर लांबी चौपट होते. विणीचा पोत तसाच राखायला टाकाही निम्म्या लांबीचा घ्यावा लागतो. चौपट लांबी आणि निम्मा टाका, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट. पण टाके होतात आठपट! आपल्या २०,००० टाक्यांच्या जागी १,६०,००० टाके विणावे लागतील. शेटलंड बेटांवरच्या किंवा रशियातल्या ओरेनबर्गच्या नाजूक शाली अंगठीतून आरपार जातात, त्यामागे हेच गणित आहे. थोड्याशा लोकरीतून एवढी मोठी शाल निघते, आणि विणणाऱ्याचा वेळ कैक पटींनी लागतो. या कारागिरांबद्दल मला अपार आदर आहे.

जाळीच्या विणीत धागा पुढे घेऊन टाका वाढवतात आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणून संख्या कायम ठेवतात. त्यामुळे भोकं पडतात. सुईवरून काढलेली जाळी चुरगळलेली, बसकी दिसते. ती भिजवून टाचण्यांनी ताणून वाळवली की उमलते. फ्रान्समधल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये विणलेल्या कापडाच्या लवचीकतेवर एक सुबक मांडणी प्रसिद्ध केली. धागा जवळजवळ ताणला जात नाही, तो फक्त वाकतो, आणि कापडाचा सगळा ताण टाक्यांचा आकार बदलण्यातून येतो, हे तिचं सार. म्हणून साधी वीण आडवी ताणली की ती उभी आखडते. जाळीत मात्र भोकं उघडायला जागा असते, त्यामुळे ती दोन्ही दिशांना पसरू शकते.

पसरलेला आकार टिकतो तो पाण्यामुळे. लोकर भिजली की केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि तंतू नव्या आकारात बसतो. वाळताना ते बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. पुढच्या धुण्यात ते परत सुटतात, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर जाळीची शाल पुन्हा ताणून वाळवावी लागते. अॅक्रिलिकचे तंतू पाण्याला असे दाद देत नाहीत. त्यांना उष्णता लागते, आणि ती जास्त झाली तर कापड कायमचं लुळं पडतं. अॅक्रिलिकची शाल ताणून मोठी करू, या भरवशावर लोकरीचा हिशेब बांधू नये.

लोकर अगदीच मोजकी असेल तर मी त्रिकोण मानेपासून सुरू न करता एका टोकापासून सुरू करण्याच्या बाजूची आहे. दोनचार टाके घालायचे, एकाच कडेला ठराविक अंतराने टाका वाढवत जायचं आणि निम्म्याला थोडी कमी लोकर संपली की त्याच गतीने टाके कमी करत दुसऱ्या टोकाला पोचायचं. दोन्ही अर्धे सारखे असल्याने त्यांना लोकरही सारखीच लागते. वर्गमुळाची गरज नाही, आणि शेवटी बंद करायला पुन्हा दोनचारच टाके उरतात. शाल रुंद आणि उथळ होते, पाठीवर कमी येते, ही तिची उणीव. पण मध्येच लोकर संपायची धास्ती राहत नाही.

कोणताही आकार निवडला तरी वरच्या सगळ्या हिशेबाला एक आकडा लागतो: आपल्या हाताच्या एका टाक्याला किती धागा जातो. त्यासाठी ३० टाक्यांचा एक नमुना विणा, भिजवा, टाचण्या लावून वाळवा आणि त्याची मापं लिहून ठेवा. मग मधली १० सुयांएवढी वीण उसवा, धाग्याच्या लाटा सरळ होतील इतपतच ताण देऊन लांबी मोजा आणि ३०० ने भागा. उसवलेला धागा नागमोडी राहतो, कारण वाळताना त्याचे बंध तसेच जुळलेले असतात. उरलेला नमुनाही उसवून सगळ्या धाग्याची सैल लडी करा, भिजवा आणि टांगून वाळू द्या. धागा पुन्हा सरळ होतो, आणि शालीतच वापरता येतो.