हूकअपविना कॅम्पिंग ट्रेलरची वीजव्यवस्था

मोटारीमागे ओढून नेता येणाऱ्या लहान निवासी ट्रेलरला मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी नसताना बॅटरी, सौर पॅनेल, ओढणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर, जनरेटर आणि प्रोपेन गॅस यांच्या आधाराने चालवण्याची पद्धत. अमेरिकेतील बहुतेक खासगी आणि काही सरकारी कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेजवळ विजेचा खांब असतो. त्यावर १२० व्होल्टचे २० किंवा ३० अँपिअरचे आणि मोठ्या गाड्यांसाठी ५० अँपिअरचे सॉकेट मिळते. पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसह या सोयीला तिथे हूकअप म्हणतात. ती नसलेल्या ठिकाणी राहणे म्हणजे ड्राय कॅम्पिंग. कॅम्पग्राउंडही सोडून मोकळ्या रानात राहिले की बूनडॉकिंग.

ही पद्धत सर्वांत जास्त रुजली ती अमेरिकेच्या पश्चिम भागात. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय यंत्रणेकडे सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे. तिच्यातील बऱ्याच भागात साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस विनाशुल्क तळ ठोकता येतो. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट या छोट्या गावाभोवतीच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो ट्रेलर आणि मोटारघरे येऊन थांबतात. तिथल्या ला पोसा या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात परवाना घेऊन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात राहता येते. अशा क्षेत्रांची योजना १९८३ पासूनची आहे. पाणी भरण्याची आणि सांडपाणी रिकामे करण्याची सोय तिथे आहे, पण जागेवर वीज नाही. या नोंदीतील आकडेमोड याच परिसरातला जानेवारी महिना आणि दोन माणसांचा छोटा ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

गॅस आणि वीज यांची वाटणी : लहान ट्रेलरमध्ये विजेचा प्रश्न सुटू लागतो तो गॅसच्या सिलिंडरापासून. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसवलेल्या नेहमीच्या सिलिंडरात सुमारे ९ किलो प्रोपेन मावतो आणि त्यात साधारण ११५ किलोवॅट-तास ऊर्जा असते. १०० अँपिअर-तासांची (म्हणजे १० अँपिअरचा प्रवाह दहा तास देऊ शकणारी), ११ ते १३ किलो वजनाची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात १.२८ किलोवॅट-तासच राहतात. फरक जवळजवळ ९० पटींचा आहे. म्हणून जिथे जिथे उष्णता हवी तिथे गॅस, आणि प्रकाश, पंखा, पंप, फोन यांना बॅटरी, ही वाटणी जो पाळतो त्याचा ट्रेलर आठवडाभर बिनघोर चालतो.

चहाचेच पाहा. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला ९३ वॅट-तास लागतात. इलेक्ट्रिक किटली आणि इन्व्हर्टर यांतली गळती धरली तर बॅटरीतून ११० ते १२० वॅट-तास, म्हणजे सुमारे ९ अँपिअर-तास जातात. दिवसातून चार वेळा आधण ठेवले की १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा नुसत्या पाण्यावर खर्च होतो. तेच पाणी शेगडीवर २० ग्रॅमच्या आसपास गॅसमध्ये उकळते.

भारतातल्या घरगुती सिलिंडरात ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते, पण थंड प्रदेशातल्या ट्रेलरना निव्वळ प्रोपेन लागतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे गोठणाऱ्या पहाटे त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात येत राहतो.

गॅसवर चालणारा शोषण-फ्रिज हे या वाटणीतले फार सुंदर यंत्र आहे. स्वीडनच्या बाल्टझार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये त्याचा शोध लावला. त्यात एकही फिरणारा भाग नाही. बारीक ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र फिरत राहते आणि आतला कप्पा गार होतो. ट्रेलर समतल उभा नसेल तर मात्र हे चक्र अडखळते, म्हणून जुने लोक पोहोचल्याबरोबर आधी स्पिरिट लेव्हल काढतात. असे बरेच फ्रिज गॅस, १२ व्होल्ट आणि १२० व्होल्ट अशा तिन्हींवर चालतात. १२ व्होल्टची सोय गाडी चालू असतानापुरतीच आहे. थांबल्यावर बटण तसेच राहिले तर तासाला १० अँपिअर-तास किंवा जास्तच वीज जाऊन बॅटरी सकाळपर्यंत बसते. अलीकडच्या लहान ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर-फ्रिज येतो. तो हवामानानुसार दिवसाला २५ ते ४० अँपिअर-तास घेतो. समतलपणाची कटकट त्याला नाही, पण सौर पॅनेल मात्र लागतेच.

दिवसाचा हिशेब : प्रत्येक वस्तूचे वॅट आणि ती चालते ते तास यांचा गुणाकार करून बेरीज मांडणे हे पहिले काम. पूर्वीचा १८ वॅटचा गोल दिवा जाऊन २-३ वॅटचा एलईडी आल्यापासून दिव्यांची काळजी जवळपास संपली आहे. चार एलईडी चार तास म्हणजे तीसेक वॅट-तास, दोन फोन ३०, एक लॅपटॉप ६०, पाण्याचा पंप १०, गॅसगळती ओळखणारे यंत्र अहोरात्र चालून ३०, कॉम्प्रेसर-फ्रिज थंडीत ३००. एवढ्यावर भागत नाही. वाळवंटातली रात्र गार असते आणि गॅसच्या फर्नेसमध्ये, म्हणजे ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या हीटरमध्ये, हवा खेळवणारा पंखा विजेवर चालतो. छोट्या फर्नेसचा पंखा ३ अँपिअरने रात्रीतून चार तास चालला तरी १५० वॅट-तास होतात. बॅटरी बसली की सिलिंडर काठोकाठ भरलेला असूनही फर्नेस बंद पडतो, आणि ते घडते पहाटे, सर्वांत थंड वेळी. एकूण बेरीज ६०० वॅट-तासांवर, म्हणजे ५० अँपिअर-तासांवर येते.

वॅट आणि वॅट-तास यांत गल्लत झाली की हिशेब चुकतो. अमेरिकेतली मराठी कुटुंबे ट्रेलर घेऊन निघताना मिक्सर बरोबर ठेवतात. ७०० वॅटचा मिक्सर चटणीसाठी दोन मिनिटे फिरला तर बॅटरीतून २५-३० वॅट-तास जातात. पुरेसा मोठा इन्व्हर्टर असेल तर चटणी खुशाल वाटावी. तितक्याच वॅटचा विजेवरचा राइस कुकर मात्र एका भाताला त्याच्या कित्येक पट वीज खातो. तिथे गॅसवरचा प्रेशर कुकरच बरा. छतावरचा एअर कंडिशनर १,३०० ते १,५०० वॅट घेतो आणि तासन्‌तास चालतो. लहान ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचा नाद धरू नये. उन्हाळ्यात उंच डोंगरावर जाणे हाच तिथला वातानुकूलनाचा रास्त मार्ग आहे.

बॅटरी : भारनियमनाच्या काळात ज्यांनी घरातल्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी सांभाळली आहे, त्यांना शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभाव नव्याने सांगायला नको. डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि अर्ध्याहून जास्त रिकामी केली तर आयुष्य घटते. ट्रेलरमध्ये ती हवेशीर पेटीत, बहुधा बाहेर पुढच्या दांड्यावर असते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी २७-३० किलोची आणि तिच्यातले वापरण्याजोगे ५०. वरच्या हिशेबाला जेमतेम एक दिवस पुरणारे. थोडा वेळ विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास अर्धी.

लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन १९९६-९७ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणले. गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीतली ८० टक्क्यांहून अधिक वीज बिनधास्त वापरता येते, वजन निम्म्याहून कमी आणि आयुष्य हजारो चक्रांचे. दोन गोष्टींचे भान मात्र हवे. एक म्हणजे तिचा व्होल्टेज बहुतेक वेळ १३.२ च्या आसपास स्थिर राहतो, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून उरलेली वीज कळत नाही. आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंट मॉनिटर लावावा लागतो. दुसरी जास्त गंभीर. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आतल्या ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक अशा वेळी चार्जिंग तोडतो, पण मग उन्हात पॅनेल असूनही वीज भरत नाही. म्हणून ती पलंगाखाली, उबेत ठेवण्याचा रिवाज पडला आहे.

सौर पॅनेल : बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट दाखवला. आज २०० वॅटचे पॅनेल लहान ट्रेलरच्या छतावर सहज बसते. ते किती वीज देईल हे सूर्याच्या उंचीवर ठरते. क्वार्ट्झसाइट साधारण ३३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३३ अंश वर असतो. पुण्यात त्या दिवशी तो ४८ अंशांवर येतो. छतावर आडवे पडलेले पॅनेल तेव्हा दुपारच्या थेट उन्हातली निम्मीच ऊर्जा पकडते, आणि २०० वॅटमधून दिवसाला ४५० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. वरची ६०० ची गरज भागत नाही. तेच पॅनेल दक्षिणेकडे कलते केले की निरभ्र दिवशी ७०० च्या पुढे जाते. बिजागरी आणि दोन पट्ट्यांचा हा खर्च दुसरे पॅनेल विकत घेण्यापेक्षा कितीतरी कमी आहे, तरी बहुतेक जण दुसरे पॅनेलच घेतात.

फांदीची सावली काही घटांवर पडली तरी पॅनेलचा मोठा भाग निकामी होतो, कारण घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. जमिनीवर ठेवायचे घडीचे पॅनेल म्हणूनच उपयोगी: ट्रेलर झाडाखाली, पॅनेल उन्हात. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्जिंग सांभाळणारा नियंत्रक लागतो. साधा पीडब्ल्यूएम नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो, त्यामुळे १०० वॅटच्या पॅनेलमधून ७० वॅटच हाती येतात. एमपीपीटी नियंत्रक जादा व्होल्टेजचे रूपांतर जादा अँपिअरमध्ये करतो.

गाडी आणि जनरेटर : गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारे यंत्र, ट्रेलरची बॅटरी भरतो खरा, पण लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज पडून हाती फार थोडे लागते. मध्ये पडलेला व्होल्टेज पुन्हा वर उचलणारा २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि जाड तार घातली तर दोन तासांच्या प्रवासात ४० ते ६० अँपिअर-तास भरतात. रोज जागा बदलणाऱ्यांना मग पॅनेलचीही फारशी गरज उरत नाही.

दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर-जनरेटर सुमारे २० किलोचा असतो आणि सलग ढगाळ दिवसांत तोच तारतो. शिसे-आम्ल बॅटरी ८० टक्क्यांनंतर फार हळू भरते, म्हणून जनरेटर सकाळी तासभर चालवून उरलेले भरण सूर्यावर सोडावे. पेट्रोलही वाचते आणि शेजाऱ्यांची शांतताही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे आणि अनेक तळांवर जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, ओसरीत किंवा तंबूत कधीही नाही, आणि ट्रेलरमध्ये चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड सूचक, यात तडजोड करू नये.

तारा आणि फ्यूज : १२ व्होल्टवर त्याच वॅटला १२० व्होल्टच्या दहापट अँपिअर लागतात. १० अँपिअरची वस्तू बॅटरीपासून ६ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर झालेल्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत ०.८ व्होल्ट वाया जातात. १,५०० वॅट घेणारा मायक्रोवेव्ह इन्व्हर्टरवर चालवला तर बॅटरीतून सुमारे १४० अँपिअर वाहतात. त्यासाठी बोटाएवढ्या जाड केबल लागतात आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी जवळ हवा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवावा, कारण फ्यूजच्या आधी तार घासून शॉर्ट झाली तर आग रोखणारे मध्ये काहीच नसते.

साठवण : मोसम संपल्यावर ट्रेलर उभा असतानाही गॅससूचक आणि रेडिओ थोडी थोडी वीज घेत राहतात आणि महिनाभरात बॅटरी रिकामी करतात. त्यासाठी धन टोकावर तोडस्विच असतो. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, नाहीतर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र निम्मी भरलेली ठेवणे चांगले.