ग्रहणामुळे नव्हे, आणि आपोआप जाणाराही नव्हे

बाळाच्या गालावर जन्मतःच लालसर, सपाट डाग दिसला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘आईनं ग्रहण पाळलं नसेल’ आणि ‘मोठं झाल्यावर जाईल’. दोन्ही चूक. पहिल्या वाक्यानं तर बाळंतिणीला विनाकारण दोषी ठरवलं जातं, याची मला खरोखर चीड येते.

हा पोर्ट-वाइन स्टेन. हजारात साधारण तीन बाळांना असतो. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात बदल होतो. बहुतेक डागांमागे जीएनएक्यू हे जनुक असल्याचं २०१३ मध्ये दिसून आलं. त्या भागातल्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, कायमच्या रुंदावलेल्या राहतात. आईनं काय खाल्लं, काय चिरलं, याचा संबंध नाही.

आपोआप ओसरतो तो हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची लालसर गाठ. तो बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत उगवतो, फुगतो आणि काही वर्षांत विरतो. पोर्ट-वाइन डाग मात्र मुलाच्या वाढीबरोबर तेवढ्याच प्रमाणात पसरतो. गुलाबी रंग हळूहळू जांभळट होतो. मध्यम वयात त्वचा जाड होऊन वर बारीक गाठी येऊ शकतात, त्यांना धक्का लागला की रक्त येतं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा डाग अखेरपर्यंत होताच.

डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर थांबू नका. काचबिंदूचा आणि फिट येण्याचा धोका असतो, म्हणून डोळे लगेच तपासून घ्या. पल्स्ड डाय लेझरनं डाग बराच फिका होतो, पण त्यासाठी उपचाराच्या अनेक बैठका लागतात, आणि तान्हेपणी सुरुवात केली तर गुण चांगला येतो.