ठासणीच्या जुन्या बंदुकीची तज्ज्ञांकडून पारख : गोव्यातील अर्ज, पात्रता, कागदपत्रे

माळ्यावर ठासणीची, म्हणजे तोंडातून बार भरायची बंदूक सापडली, मग ती तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) असो किंवा केपाची (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या टोपीने पेटणारी), की आधी नळी भरलेली आहे का ते पाहा. बार भरूनच टांगून ठेवलेल्या बंदुका अजून निघतात. तोंडासमोर न उभे राहता लाकडी काठी टेकेपर्यंत आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून धरा. टोक रंजकाच्या भोकापर्यंत (नळीच्या मागच्या बाजूला बार पेटवायचे भोक) पोचले नाही, तर आत बार आहे असे धरून पोलिसांना कळवा. स्वतः काढू नका.

शस्त्र कायद्याचे कलम 45 दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच सूट देते. फेब्रुवारी 2020 च्या नियमदुरुस्तीने क्युरिओ (संग्रहात ठेवण्याच्या जुन्या वस्तू) गटातील लहान शस्त्रे भारतीय नागरिकाला परवान्याविना बाळगता येतात, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. बंदूक गाडीत घालून पणजीला नेणारे इथेच फसतात. तज्ज्ञाकडे आधी फोटो न्या. दोन्ही बाजूंनी पूर्ण बंदूक, चाप-घोड्याचा भाग, नळीवरचे ठसे (बनवणाऱ्याच्या व तपासणीच्या खुणा) मोजपट्टीसह, नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आणि एकूण लांबी.

पितळ-लोखंड घासून चकचकीत करू नका. ठशांच्या कडा जातात आणि पारख तिथेच संपते. स्क्रूच्या खाचेतसुद्धा सारखाच पसरलेला गंज दिसला तर नकलेचा संशय घ्यावा. चकमकीची (गारेच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक पुढे केपाची करून घेतलेली असेल तर ती खोटी ठरत नाही; एकोणिसाव्या शतकात असे सर्रास होत असे.

बंदुकीच्या पारखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि प्रत पोलीस ठाण्याला द्या. 'अँटिक आहे' एवढेच लिहू नका. बार पेटवण्याची पद्धत, ठसे, सद्यस्थिती लिहा. सोबत ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि मिळाले असल्यास तज्ज्ञाचे लेखी मत जोडा. वारसाहक्काची असेल तर मृत्युदाखला, स्पेशल नोटरीसमोर (गोव्यात वारसाचे दस्त करणारा सरकारी अधिकारी) केलेले उत्तराधिकारपत्र किंवा इन्व्हेंटरीचा (न्यायालयातून होणाऱ्या वारसा-वाटपाचा) आदेश आणि इतर वारसांची ना-हरकत हवी. पोर्तुगीज काळातला परवाना भाषांतरासह जोडा. मालकीचा त्याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

काडतुसाची बंदूक निघाली आणि परवाना मृत माणसाच्या नावावर असेल, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या परवान्यासाठी अर्जाचा फॉर्म ए-1 भरा. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते.

शंभर वर्षांपलीकडची वस्तू परदेशातल्या नातेवाइकाला पाठवणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे.